रुग्णाच्या हातचा चहा

मी पुष्कळ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. परिसंस्थेपासून रोगांपर्यंत सगळं. त्यातला रोगांचा धडा मला स्वतःला किती आला होता, हे सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे. सांगताना माझी थोडी अब्रू जाईल. पण जाण्याइतकी ती शिल्लक आहे असं समजणं हाही माझा जुना गर्वच.

मी मूळचा अंबडचा. बी.एस्सी., बी.एड. झालो आणि टेंभुर्णीच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत विज्ञानाचा सर म्हणून लागलो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि त्याची भिंगं माझ्या आधीच कुणीतरी काढून नेली होती. तरी मी तो दरवर्षी कपाटातून काढून, पुसून टेबलावर ठेवायचो. मुलं रांगेनं यायची, एक डोळा मिटून आत बघायची आणि म्हणायची, "दिसलं सर." काय दिसलं ते मी विचारत नसे. त्यांची आणि माझी दोघांचीही अब्रू त्यात राहायची.

अन्नसाखळी शिकवताना मी फळ्यावर गवत, हरीण आणि वाघ काढायचो. जाफ्राबाद तालुक्यात वाघ कोणी पाहिला होता ते मला माहीत नाही, पण पुस्तकात वाघ होता म्हणजे फळ्यावर वाघ आलाच पाहिजे. माझा वाघ मांजरासारखा दिसतो अशी कुजबुज मागच्या बाकांवर व्हायची. सगळ्यांत वर मी माणूस काढायचो, शर्ट-पँट घातलेला. तो साधारण माझ्यासारखा दिसावा याची काळजी घ्यायचो.

हे सगळं खिडकीबाहेरून आणखी एक माणूस ऐकायचा. ते शाळेचे शिपाई. वयानं माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते आणि लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणायचे. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा नववीच्या खिडकीबाहेर होता, म्हणून मामांचं स्टूलही तिथंच. पाण्याचा रांजण भरून ठेवणं, तास संपला की टोला देणं आणि मधल्या सुट्टीत मागच्या खोलीत स्टोव्हवर आम्हा शिक्षकांचा चहा करणं ही त्यांची कामं. उरलेल्या वेळात ते स्टुलावर बसून नववीचा अभ्यासक्रम ऐकायचे, दरवर्षी तोच, आणि माझ्या आधीच्या दोन सरांकडूनही त्यांनी तो ऐकलेला होता.

एकदा चहाचा कप माझ्यापुढं ठेवत त्यांनी विचारलं, "सर, ती साखळी तुम्ही आज काढली, तिच्यात माणूस सगळ्यात वर हाय का?"

"हो. त्याला खाणारा कोणी नाही."

"मंग डास त्याच्याबी वर की काय? रातभर खाऊन राह्यले मला."

सगळे सर हसले. मी "तो परजीवी असतो मामा, ते प्रकरण वेगळं" असं काहीतरी म्हणालो आणि घाईनं चहा पिऊन उठलो. मामांच्या शंकेला मला कधीच तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना मात्र फार चांगली उत्तरं सुचायची.

जानेवारी संपता संपता रोगांचा धडा यायचा. हा माझा आवडता धडा. वाघ मला काढता येत नसला तरी ताप मला हुबेहूब काढता यायचा. हिवताप शिकवताना मी हुडहुडी भरल्यासारखा थरथरायचो, कॉलरा शिकवताना टेबलाला धरून खाली बसायचो. गंमत अशी की शिकवलेला प्रत्येक रोग मला त्या रात्री व्हायचा. क्षयाच्या दिवशी खोकला, काविळीच्या दिवशी आरशात डोळे पिवळे, कुत्रा चावल्याचा धडा झाला की पाणी घशाखाली उतरेना. एकटा खोलीवर राहणारा, बिनलग्नाचा माणूस. दुखणं सांगायला समोर कोणी नसलं की ते फार मोठं होतं. सकाळी शाळेची घंटा झाली की मी बरा व्हायचो.

त्या वर्षी कुष्ठरोगाचं पान आलं तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त रंगात आलो. सांगितलं की हा पापाचा रोग नाही, जंतूंचा आहे. चामडीवर फिकट, बधिर चट्टा येतो. लवकर दाखवलं तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. सहज शिवल्यानं होत नाही, आणि औषध सुरू झालं की त्या माणसापासून दुसऱ्याला भीती उरत नाही. इथपर्यंत पुस्तकात होतं. थांबायला पाहिजे होतं. पण वर्ग गप्प बसून ऐकत होता, आणि वर्ग गप्प असला की मला आवरत नाही. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "मी तर अशा रुग्णाच्या हातचा चहासुद्धा पिईन! रोज पिईन!"

बाहेर मामांनी तासाचा टोला दिला. मला वाटलं माझ्या वाक्यालाच दिला.

त्यानंतर आठवडाभरात आंघोळ करताना माझ्या डाव्या दंडावर मला एक फिकट चट्टा दिसला. चार आण्याच्या नाण्याएवढा. आधी वाटलं साबण राहिला असेल. साबण नव्हता.

बधिरपणा कसा तपासायचा ते मीच शिकवलं होतं. डोळे मिटायचे, चट्ट्याला कापसाची वात हलकेच लावायची आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवायला सांगायचं. मी खोलीचं दार लावून डोळे मिटले, उजव्या हातानं डाव्या दंडाला वात लावली आणि बोट ठेवलं. अगदी बराबर जागी पडलं. मग लक्षात आलं की वात लावणारा मीच होतो, तेव्हा जागा मला माहीतच असणार. पुन्हा केलं. या वेळी जागा विसरायचा प्रयत्न केला. त्या रात्री चट्टा तीनदा बधिर निघाला आणि चारदा बरा. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं, हे एकदाही मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते दाबून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलो. मार्चातल्या उन्हात मनगटाचं बटणसुद्धा लावलेलं. अंबडहून आईचं पत्र आलं की मुलगी बघायला येऊन जा, लोक ताटकळलेत. मी कळवलं की परीक्षा जवळ आल्या आहेत. इकडं मुलांना सांगत होतो की रोग लपवणं हाच खरा रोग. हे वाक्य पुस्तकात नव्हतं, माझं स्वतःचं होतं आणि मला फार आवडलं होतं.

मार्चातच तपासणी आली. सरकारी दवाखान्याचा कुष्ठरोग तपासणारा माणूस सायकलवरून यायचा. शाळेच्या अंगणात, उन्हाच्या उजेडात पोरांना शर्ट काढून रांगेत उभं करायचा आणि पाठी बघायचा. या वेळी मुख्याध्यापकांनी फर्मावलं की शिक्षक आणि शिपायांनीही दाखवून घ्यावं. मी लगेच पुढं होऊन नावांची यादी हातात घेतली. यादी धरणाऱ्या माणसाला शर्ट काढ असं कोणी म्हणत नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो. माझ्या नावापुढं मी स्वतःच 'तपासले' असं लिहिलं.

सगळी पोरं झाली. दोघा-तिघांना नायटे निघाले. मग मामा आले. त्यांनी आपण होऊन सदरा काढला आणि उजवा हात वळवून कोपराच्या वरची मागची बाजू दाखवली. रुपयाएवढा, कोरडा, फिकट चट्टा होता.

"हे दिवाळीपासून हाय, साहेब," ते म्हणाले. "खाजत न्हाई, दुखत न्हाई. म्हून ध्यान दिलं न्हाई. पर आमच्या सरांनी धड्यात सांगितलं, तसंच हाय हे."

त्या माणसानं त्यांना डोळे मिटायला लावले. पेनाचं टोक मनगटाला लावलं, मामांनी तिथं बोट ठेवलं. खांद्याला लावलं, तिथंही ठेवलं. मग चट्ट्याला लावलं. मामा तसेच उभे. पुन्हा लावलं. मामा डोळे मिटून, मान थोडी वर करून, वाट बघत उभे.

"लावा की, साहेब," ते म्हणाले.

"लावून झालं, मामा."

मी यादीकडं बघत राहिलो. माझ्या पूर्ण बाहीच्या आत घामाची धार चालली होती.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटताच मी एसटीनं जालन्याला गेलो. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला एक चामडीचे डॉक्टर होते. तिथं मी नाव खोटं सांगितलं आणि धंदा शेती सांगितला. डॉक्टरांनी सहज विचारलं, सध्या शेतात काय पेरलंय. मी गोंधळून म्हणालो, "कापूस." मार्च महिन्यात! त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मग दंडाकडं बघितलं, भिंग लावलं, नखानं खरवडलं आणि म्हणाले, "शिबं आहे, घामानं येणारी साधी बुरशी. मलम लावा. आणि बनियन रोज बदलत जा."

मला इतका आनंद झाला की बनियनचा अपमान मी गिळून टाकला. बाहेर येऊन पावशेर जिलबी खाल्ली. बाह्या वर दुमडल्या. सगळं जग स्वच्छ दिसत होतं. मामांची आठवण मला परतीच्या बसमध्ये, निम्मी वाट झाल्यावर आली, हे सांगायची लाज वाटते, पण खरं आहे.

सोमवारी मधल्या सुट्टीत मामा नेहमीसारखे कप घेऊन आले. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. सहा महिन्यांचं औषध होतं. पहिल्या दिवशी लघवी लाल होते, त्यानं घाबरायचं नाही, हे त्यांना सांगून ठेवलं होतं. कप माझ्यापुढं आला. वाफ निघत होती. काठावर त्यांच्या अंगठ्याचा ओला ठसा होता. मला सगळं ठाऊक होतं. जंतूचं लॅटिन नाव ठाऊक होतं. पण हात टेबलावरून उठेचना.

"मामा, पित्त झालंय," मी म्हणालो. "चहा बंद केलाय."

"बरं सर," म्हणून त्यांनी कप उचलला.

आमचे मुख्याध्यापक मराठी शिकवायचे. जंतू आणि जंत यांत काय फरक असतो हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांनी आपला चहा बशीत ओतला आणि आवाज करत पिऊन टाकला. मामांच्या आजाराबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर.

गावात मात्र बोलणं सुरू झालं. शाळा समितीतल्या काहींचं म्हणणं पडलं की मामांनी घंटा वाजवावी, फाटक सांभाळावं, पण रांजणाला आणि चहाला हात लावू नये. शनिवारी समितीची बैठक ठरली. आदल्या दिवशी मामा माझ्याकडं आले. ते कधी काही मागायला आलेले मला आठवत नाहीत.

"सर, घंटा कुणीबी वाजवंल. त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पर पाणी काढून घेतलं तर उद्या सगळ्या गावाला कळंल की ह्याच्या हातचं चालत न्हाई. वैशाखात पोरीचं लगीन हाय. तुम्ही सायन्सचे. तुमचं ऐकतील. जे वर्गात सांगितलं तेच तिथं सांगा, बस."

"बिलकुल काळजी करू नका," मी म्हणालो. आणि मला खरोखरच तसं वाटत होतं. भाषण करायचं म्हटलं की मला नेहमी धीर येतो.

बैठकीत मी अर्धा तास बोललो. जंतू सांगितले, औषध सांगितलं, संसर्ग कसा होतो आणि कसा होत नाही ते फळ्यावर आकृती काढून सांगितलं. मी चांगला बोललो, हे आजही म्हणतो. समितीतली माणसं मान डोलवत होती. मुख्याध्यापकांनी मुद्दाम मामांनाच चहा आणायला सांगितला होता, आणि बोलता बोलता सगळ्यांपुढं कप आले. मुख्याध्यापक प्यायले. मग एकेकानं, एकमेकांकडं बघत, कप उचलायला सुरुवात केली.

समितीत एक म्हातारे जमीनदार होते. शाळेला जागा त्यांच्याच वडिलांनी दिलेली. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "सर, तुमचं बोलणं एकदम बराबर हाय. मला पटलं. पर तुमचा कप तेवढा भरल्याला हाय."

सगळ्यांनी माझ्या कपाकडं बघितलं. मीही बघितलं. चहावर साय धरली होती. दोन घोट पुरे होते. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं. माझा हात पुन्हा तसाच टेबलावर पडून राहिला.

दारात उभे असलेले मामा पुढं आले. त्यांनी माझ्या समोरचा कप उचलला.

"सरांना पित्त हाय," ते म्हाताऱ्यांना म्हणाले. "आठ दिसांपासून चहा पीत न्हाईत ते. माझ्यामुळं न्हाई."

आणि कप घेऊन गेले. मी त्यांना थांबवलं नाही. 'हो, पित्त आहे' असंही म्हणालो नाही, 'नाही' असंही म्हणालो नाही. ज्यांनी कप उचलले होते त्यांनी हळूच खाली ठेवले. औषध पुरं होईस्तोवर पाणी आणि चहा दुसऱ्या कुणीतरी बघावा, असं ठरलं. अर्ध्या तासाच्या भाषणाला एवढं फळ आलं.

वैशाखात लग्न झालं. मी गेलो होतो, जेवलोही. आमच्याकडं पंगतीत पाणी वाढायला, आग्रह करायला मुलीचा बाप स्वतः फिरतो. मामांच्या भावानं झारी फिरवली. मामा मांडवाच्या खांबाला टेकून, नवा फेटा बांधून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच हात जोडत होते. माझ्या पानात बुंदी पडली ती मी खाल्ली. तिची चव मला आजही आठवत नाही.

दिवाळीच्या आधी मामांच्या गोळ्या संपल्या. तपासणाऱ्या माणसानं लेखी दिलं की बरे झाले. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी रांजण आणि स्टोव्ह पुन्हा त्यांच्या हवाली केला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कधी नव्हे तो सगळ्यांच्या आधी येऊन बसलो. मामा कप घेऊन आले. एकेकापुढं ठेवत माझ्यापाशी आले आणि पुढं गेले.

"मामा, मला?"

"न्हाई न्हाई, सर. तुम्हाला पित्त हाय," ते म्हणाले. आवाजात बिलकुल टोमणा नव्हता. काळजीच होती.

पित्त बरं झालं, असं म्हणायला काय हरकत होती? पण ते म्हणायचं तर एक खोटं झाकायला दुसरं खोटं सांगावं लागत होतं, आणि पहिल्यानं काय केलं ते मी मांडवात पाहिलं होतं. खरं सांगायचं धाडस नव्हतं. पुढची दहा वर्षं त्या शाळेत मी चहा प्यायलो नाही. सगळे सर चहा प्यायचे आणि माझ्यापुढं मामा न विसरता पाण्याचा तांब्या ठेवायचे. उन्हाळ्यात कधी कधी वाटीभर ताकही घरून आणायचे. पित्ताला चांगलं म्हणून. मधल्या काळात माझं लग्न झालं, बायको आली. ती घरी चहा करायची आणि म्हणायची, "शाळेत मिळत नाही का? असा काय तुटून पडता?" मी म्हणायचो, शाळेतला चांगला नसतो.

दरवर्षी जानेवारीच्या शेवटी तो धडा यायचा. चहाचं वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. पुस्तकात आहे तेवढंच वाचून दाखवायचो, तेही थोड्या हळू आवाजात. खिडकीबाहेर स्टूल होतंच.

मामा रिटायर झाले त्या दिवशी शाळेनं त्यांना शाल-नारळ दिला. मला बोलायला सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदा मी नको म्हणालो. कार्यक्रम झाल्यावर ते मागच्या खोलीत स्टोव्ह पुसत होते. नव्या शिपायाला द्यायचा होता म्हणून. मी दारात जाऊन उभा राहिलो. बोलायचं पाठ करून गेलो होतो, तरी सगळं विसरलो.

"मामा, मला पित्त नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी स्टोव्ह पुसणं थांबवलं नाही.

"ते मला त्याच दिशी कळल्तं, सर. तुम्हाला चहा किती लागतो ते मला ठाऊक न्हाई का?" मग त्यांनी फडकं खाली ठेवलं. "तुम्ही कव्हा सांगता म्हून दहा साल वाट पाहून राह्यलो. बसा. आता पेटवतोच."

मी तिथल्या पोत्यावर बसलो. मला रडू येत होतं आणि ते आवरायला मी स्टोव्हच्या निळ्या जाळाकडं बघत होतो. त्यांनी साखर नेहमीसारखी जास्तच घातली. कप त्यांच्या हातातून माझ्या हातात आला, काठावर अंगठ्याचा ओला ठसा होता. मी एक कप प्यायलो, मग दुसरा मागून घेतला, मग तिसरा. तोंड भाजलं तरी थांबलो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मला खरंच पित्त झालं.